गुरूची खरखर ओळखावी कशी?

प्रश्न : घरात आजोबांचा जुना शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. त्यावर गुरू ग्रह ‘ऐकू’ येतो म्हणतात. नागपुरातून जमेल का? आणि ती खरखर गुरूचीच, हे कळणार कसे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जमेल, पण रेडिओच्या दांडीवर भागणार नाही. गच्चीवर सुमारे सात मीटरची डायपोल अँटेना ताणा आणि काटा १८ ते २२ मेगाहर्ट्झमधल्या मोकळ्या जागी ठेवा. रात्र हिवाळ्यातली निवडा, गुरू बराच वर आलेला हवा. दिवसा आयनांबर आणि पावसाळ्यात विजा घोळ घालतात. गुरूच्या खरखरीत कधी काही सेकंदांची सळसळ असते, तर कधी लाह्यांसारखी तडतड.

फसायला होतेच. १९५५ साली बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन या अमेरिकी शास्त्रज्ञांना २२.२ मेगाहर्ट्झवरची ही खरखर आधी एखाद्या मोटारीची वाटली होती. ती आकाशाबरोबर सरकते आणि गुरूच्याच जागेवरून येते, हे दिसल्यावर उलगडा झाला.

पक्की खूण म्हणजे लहरीचे वळण. गुरूच्या चुंबकीय बलरेषांभोवती इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात. सेकंदाला जितक्या गिरक्या, साधारण तितकीच लहरीची वारंवारता, आणि लहरही त्यांच्याच दिशेने फिरत निघते. याला वर्तुळाकार ध्रुवण म्हणतात. उत्तर ध्रुवाकडची लहर उजव्या वळणाची, दक्षिणेकडची डाव्या. विजेची किंवा स्कूटरची खरखर असे एकच वळण धरत नाही. दोन डायपोल काटकोनात बांधून एकीच्या केबलमध्ये पाव तरंगाचा उशीर घडवला, की एक वळण उठून येते, दुसरे दबते. आणखी एक खूण म्हणजे आयो. हा चंद्र गुरूभोवती साडेबेचाळीस तासांत फिरतो. तो ठरावीक जागी असताना खरखर वाढते, हे १९६४ साली बिग या शास्त्रज्ञाने दाखवले.

या लहरींतून गुरूचे चुंबकत्वही मोजता येते. चुंबकीय क्षेत्र गॉसमध्ये मोजतात; एका गॉसला २.८ मेगाहर्ट्झ असा हिशेब आहे. गुरूची खरखर ४० मेगाहर्ट्झच्या आसपास संपते, म्हणजे तिथे सुमारे १४ गॉस. नागपुरात पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसहूनही कमी आहे.

हीच युक्ती दूरच्या ग्रहांनाही लावतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २००९ साली हॅट-पी-११ बी या ग्रहाच्या दिशेने १५० मेगाहर्ट्झवर क्षीण संकेत टिपला. तो ग्रहाचा असेल तर तिथे पन्नासेक गॉस हवेत. २०१० मध्ये पुन्हा पाहिले, तर काहीच मिळाले नाही.

एकदा ऐकून खात्री होत नाही, म्हणून वहीत तारीख आणि वेळेशेजारी ‘उजवे’ की ‘डावे’ हेही लिहा. २० मेगाहर्ट्झच्या वर बहुतेक उजवेच यायला हवे, कारण उत्तरेकडचे क्षेत्र अधिक तीव्र आहे.