मोटारीतील गारवा आणि ‘गॅस’

उन्हाळा लागला की मोटारीतील वातानुकूलन यंत्र पूर्वीसारखा गारवा देत नाही अशी तक्रार घेऊन अनेक मालक गॅरेजची वाट धरतात, आणि ‘गॅस संपला आहे, भरून घ्या’ असे उत्तर त्यांना बहुधा मिळते. पेट्रोलप्रमाणे हे द्रव्यही वापराने संपते, अशी समजूत त्यामुळे दृढ होते. ती चुकीची आहे. प्रशीतक द्रव्य बंदिस्त नळ्यांतून पुनःपुन्हा फिरत राहते. ते जळत नाही आणि झिजतही नाही. ते कमी झाले असेल, तर कोठून तरी बाहेर गेले आहे.

माठातून पाझरलेले पाणी सुकताना आतील पाण्याची उष्णता घेते, तेच तत्त्व येथे आहे. फरक इतकाच की माठाची वाफ हवेत विरून जाते, तर येथे ती पकडून पुन्हा द्रवरूपात आणली जाते. आर-१३४ए हे द्रव्य हवेच्या सामान्य दाबाखाली उणे २६ अंश सेल्सियसला उकळते. डॅशबोर्डमागील नळ्यांच्या जाळीत ते उकळताना आतील हवा थंड होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो आणि रेडिएटरपुढील जाळीत ती उष्णता सोडून द्रव बनते.

घरातील फ्रीज वर्षानुवर्षे गॅस न भरता चालतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर विद्युत मोटारीसह एकाच पोलादी कवचात बंद असतो. पेट्रोलवरील मोटारीत मात्र तो एंजिनच्या पट्ट्यावर चालतो. फिरणारा दांडा जेथे बाहेर येतो तेथील सील, रबरी नळ्या, आणि रस्त्याचे हादरे सोसणारे सांधे यांतून थोडी गळती कालांतराने होतेच. परंतु एका उन्हाळ्यात भरलेला गॅस दुसऱ्या उन्हाळ्यापूर्वी गेला, तर ते झिरपणे नव्हे, छिद्र होय. द्रव्याबरोबर वंगणाचे तेलही फिरत असल्यामुळे गळक्या सांध्यावर बहुधा तेलकट डाग दिसतो.

‘दाब पाहून गॅस भरला’ हे वाक्यही तपासून पाहण्यासारखे आहे. स्वयंपाकघरातील सिलिंडर भरलेला असो वा निम्मा रिकामा, आत द्रव शिल्लक आहे तोवर त्यातील दाब तापमानावरच ठरतो. म्हणून सिलिंडर वजन करून देतात. बंद असलेल्या वातानुकूलन यंत्राचेही तसेच आहे. ते चालू असतानाचे दाब पुष्कळ काही सांगतात, पण जाळीवरील धूळ किंवा मंद पंखाही त्यांत फरक पाडतो. नेमके प्रमाण वजनानेच कळते, आणि ते बॉनेटखालील चिठ्ठीवर छापलेले असते. लहान मोटारीत ते साधारणपणे अर्ध्या किलोच्या आसपास भरते. जास्त भरल्यास गारवा वाढत नाही. उलट दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो.

म्हणून योग्य क्रम असा : उरलेले द्रव्य यंत्राने काढून घ्यावे, गळती शोधून दुरुस्त करावी, मग पंपाने नळ्या निर्वात कराव्यात. निर्वातात पाणी साध्या तापमानालाही उकळून निघून जाते. हा ओलावा राहिल्यास तो अरुंद झडपेत गोठतो वा आम्ल तयार करतो. पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहिला, तरच मोजून द्रव्य भरावे. घाईच्या गॅरेजमध्ये नेमका हाच वेळ वाचवला जातो.

गळतीचा प्रश्न मालकाच्या खिशापुरताच नाही. पूर्वीचे आर-१२ ओझोनच्या थराला घातक ठरले. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये अशा द्रव्यांचा धोका दाखवला, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याच्या जागी आलेले आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवते. अर्धा किलो द्रव्य सुटणे म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतका परिणाम. अशा द्रव्यांचा वापर घटवण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली.

काढून घेतलेल्या द्रव्याचे वजन चिठ्ठीवरील वजनातून वजा केले की किती द्रव्य हवेत गेले ते कळते. गॅरेजमध्ये हा आकडा सहसा कोणी विचारीत नाही.