पंधरा दिवसांची शिक्षा

सेलवास, दादरा नगर हवेली
रविवार, रात्री

चि. बाळास,


परवा आजीकडून फोन केलास तेव्हा तू एकच प्रश्न तीनदा विचारलास, "मामा, एका स्टिकरसाठी माझं अख्खं आयुष्य खराब व्हायला पाहिजे का?" मी गप्प राहिलो, कारण मी चिडलो होतो आणि चिडून बोललेलं तुला ऐकूच गेलं नसतं. म्हणून आता लिहितोय.

आधी घडलं ते नीट मांडू. तुझी आई त्याला 'गंमत' म्हणते, पप्पा 'ते प्रकरण' म्हणतात. दोघंही खऱ्या शब्दाला बगल देतायत. वर्गातला एक मुलगा डबा खात होता. त्याच्या हातात नागलीची भाकर होती. तू त्याचा फोटो काढलास, त्यावर त्याच्या जमातीचं नाव आणि पुढे 'जंगली' असं लिहिलंस आणि स्टिकर करून बेचाळीस जणांच्या ग्रुपवर टाकलंस. तू सोळा वर्षांचा आहेस, हे घरात सगळे सांगतात. तोही सोळाचाच आहे, हे मात्र अजून कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

त्या जमातीचं नाव आपल्या आजूबाजूला कुठे कुठे आहे बघ. दिवाणखान्यातल्या फ्रेममध्ये, तुझ्या आईच्या कुर्त्यावर, शाळेच्या भिंतीवर. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं. शेजारच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं जगापुढे नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरचा वारली आपल्याला कौतुकाचा वाटतो. तोच शेजारच्या बाकावर डबा उघडून बसला की त्याच्या नावाची शिवी होते.

आणि हे गाव कुणाचं? 2001च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीत शंभरातले बासष्ट लोक अनुसूचित जमातींचे होते. 2011 साली ते बावन्न झाले. ते कमी झाले नाहीत. दहा वर्षांत 1,37,225चे 1,78,564 झाले. वाढलो आपण. करसवलती मिळाल्या म्हणून कारखाने आले, कारखान्यांमागून चांदवडचा मी आलो, माझ्यामागून तुझे पप्पा. आपण पाहुणे म्हणून आलो आणि घरमालकाच्या ताटाकडे बघून हसलो.

'आपण' म्हणतोय ते उगाच नाही. 1988 साली मी इथल्या एका यार्नच्या कंपनीत लागलो, तेव्हा माझ्या मशीनवर खानवेलकडचा एक हेल्पर होता. त्याचं नाव मला माहीत होतं, तरी मी 'ए वारली' अशीच हाक मारायचो. धागा तुटला की पुढे आणखी एक शब्द जोडायचो. त्याआधी मुंबईत तीन वर्षं काढली होती. तिथे मला कुणी 'घाटी' म्हटलं की कानशिलं तापायची. तरीही माझ्या तोंडातून हे निघत होतं. ज्याच्या पाठीवर वळ उठलेत, त्याला दुसऱ्याच्या पाठीवर काठी उगारताना काही वाटत नाही, असंही होतं.

एके दिवशी सुपरवायझरांनी हे ऐकलं. ओरडले नाहीत, कामावरून काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस मला त्याच हेल्परच्या हाताखाली लावलं. तो सांगेल तेव्हा बॉबिनची ट्रॉली ढकलायची, तो सांगेल तिथे झाडू मारायचा. सगळं खातं बघत होतं. सोळाव्या दिवशी मी परत माझ्या मशीनवर गेलो आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. त्या हेल्परची आणि माझी मैत्री झाली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. पुढची सहा वर्षं तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी माफी मागितली, तेव्हा 'ठीक आहे' एवढंच म्हणाला. शिक्षा माझी होती म्हणून ती संपली. माफी त्याची होती, ती द्यायची की नाही हे त्याच्या हातात होतं.

आता कायद्याचं. अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात, म्हणजे 1989च्या कायद्यात, लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. इंटरनेटवर टाकलेला मजकूरही लोकांच्या नजरेसमोरच असतो, असं केरळ उच्च न्यायालयानं 2022 साली म्हटलं. पण अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं, की मोठ्यांसारखा खटला चालण्याइतका निर्घृण गुन्हा नसेल, तर त्या मुलाला पुढे कशासाठीही अपात्र धरायचं नाही, आणि त्याच्या नोंदी मुदत संपली की नष्ट करायच्या. कलम 74 त्याचं नाव, शाळा, फोटो छापू देत नाही. हे वाचून तुला हायसं वाटेल. वाटू दे. पण ही कलमं तुला वाचवायला नाहीत, सुधारायला वेळ द्यायला लिहिलीत.

फोनला मात्र कलम 24 लागू नाही. तू सतरा मिनिटांत स्टिकर पुसलंस, तोवर तिघांनी स्क्रीनशॉट घेतले होते. अमेरिकेत पंधरा वर्षांच्या एका मुलीनं तीन सेकंदांच्या व्हिडिओत कृष्णवर्णीयांसाठीचा घाणेरडा शब्द वापरला होता. चार वर्षांनी, 2020 साली, ती विद्यापीठात जायला निघाली, तेव्हा तिच्याच शाळेतल्या मुलानं तो व्हिडिओ बाहेर काढला. तिला प्रवेश सोडावा लागला. त्या मुलानं शाळेत चालणाऱ्या अशा भाषेबद्दल आधी शिक्षकांकडे तक्रार केली होती, कुणी काही केलं नव्हतं. मला ती मुलगी आणि तो मुलगा, दोघांचंही वाईट वाटतं. जे पंधरा दिवसांत मिटवता आलं असतं ते ज्या शाळेत कुणी हाती घेत नाही, तिथे मग चार वर्षांनी सगळं जग न्याय करायला बसतं.

तुझ्या क्रिकेटमधलं उदाहरण घे. 2021च्या जूनमध्ये इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला. त्याच दिवशी त्यानं अठरा-एकोणीस वर्षांचा असताना केलेली वर्णद्वेषी ट्वीट्स बाहेर आली. त्यानं माफी मागितली. आठ सामन्यांची बंदी झाली, त्यातली पाच सामन्यांची स्थगित ठेवली, वर 3,200 पौंड दंड. ऑगस्टमध्ये तो आपल्याविरुद्ध खेळत होता, हेडिंग्लेला विराटला बाद करून सामनावीरही झाला. त्याला शिक्षा झाली, ती सगळ्यांसमोर झाली आणि ती संपली.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. नाही, अख्खं आयुष्य खराब व्हायला नको. जन्मभराचा शिक्का काय करतो ते आपल्या देशानं पाहिलंय. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पारध्याच्या घरात जन्मलेलं पोर पाळण्यातच गुन्हेगार ठरलं. 1952 साली तो कायदा गेला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतला संशय अजून पुरता गेलेला नाही. म्हणून सोळा वर्षांच्या कुठल्याही मुलावर कायमचा शिक्का मारायला माझा विरोध आहे. आता तुझं स्टिकर पुन्हा आठव. तूही एका मुलावर त्याच्या जन्माचा शिक्काच मारलास. स्वतःसाठी जे मागतोस, ते त्याला आधी द्यावं लागेल.

त्यासाठी काय करायचं ते सांगतो. आजीकडे लपून राहू नकोस. शाळा जी शिक्षा देईल ती घे, पप्पांना कुणाची ओळख काढू देऊ नकोस. ज्या ग्रुपवर टाकलंस, त्याच ग्रुपवर तू काय केलंस ते 'पण' न लावता लिही. त्याच्या आई-वडिलांकडे जायचं असेल तर आधी त्यांना विचारायचं, ते नको म्हणाले तर जायचं नाही. त्यांनी तक्रार केली असेल तर ती मागे घ्या, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्या मुलानं बोलणं टाकलं तर त्याच्या मागे लागायचं नाही. आणि पुढच्या वेळी त्या ग्रुपवर दुसऱ्या कुणी असं काही टाकलं, तर पहिला आवाज तुझा यायला हवा. याला मुदत नाही.

मंगळवारी बसनं ये. स्टँडवर मी घ्यायला येतो. बुधवारी तुला शाळेच्या फाटकापर्यंत सोडीन, आत मात्र तू एकटा जायचंस.

आजीला नमस्कार सांग. नागलीचं पीठ मिळालं तर किलोभर घेऊन ये, तुझ्या मामीनं मागितलंय.

तुझा,
मामा