भविष्यकाळापासून सुरुवात कर

अगं, स्पॅनिशचं पुस्तक मिटून ठेवलंस म्हणे? वर्तमानकाळाचे तक्ते पाहून डोकं गरगरतं, ते मला कळतं. म्हणून सांगते, थोडे दिवस ते बाजूला ठेव आणि भविष्यकाळ हातात घे. शिकवणीत तो उशिरा येतो, पण नियमित क्रियापदांना त्याच्याइतका सरळ काळ नाही.

'आब्लार' म्हणजे बोलणं. वर्तमानकाळात त्याचा शेवटचा 'आर' काढावा लागतो. इथे काहीच काढायचं नाही, अख्ख्या क्रियापदापुढे प्रत्यय लावायचा. आब्लारे, मी बोलेन. आब्लारास, तू बोलशील. आब्लारा, तो किंवा ती बोलेल. आब्लारेमोस, आपण बोलू. आब्लारेइस, तुम्ही बोलाल. आब्लारान, ते बोलतील. 'एर' आणि 'इर'ने संपणाऱ्यांनाही हेच सहा: कोमेरे, मी खाईन, बिबिरे, मी जगेन. आणि आपल्यासारखंच, बोलणारी बाई असो की पुरुष, रूप बदलत नाही.

हे प्रत्यय मुळात 'आबेर' या सहायक क्रियापदाची रूपं. 'बोलायचं आहे' अशा अर्थाने लोक ती लॅटिनमध्ये क्रियापदापुढे जोडत, पुढे ती चिकटूनच गेली. एवढं ध्यानात ठेवलंस की घोकायला फार उरत नाही.

जोर मात्र सांभाळ. 'आब्लारा'त शेवटच्या 'रा'वर जोर दिलास तर तो बोलेल. 'ब्ला'वर दिलास तर 'तो बोलला असता तर' अशा जातीचं वेगळंच रूप होतं. लिहिताना 'एमोस' सोडून बाकी पाचही प्रत्ययांवर ती तिरकी रेघ हवीच. मोठ्याने म्हण, घरचे हसले तरी हसू देत.

डझनभर क्रियापदं वाकडी जातात: तेनेरचं तेन्द्रे, आसेरचं आरे. तिथेही मूळच बदलतं, प्रत्यय तेच. रोजच्या बोलण्यात लोक 'बोय आ आब्लार', म्हणजे 'बोलणार आहे', हे जास्त वापरतात, तेही कानावर असू दे. आपण 'आता पाच वाजले असतील' म्हणतो ना, तसा अंदाज मात्र ते याच भविष्यकाळात करतात: 'सेरान लास सिंको'.

चिंचपाड्यात राहून स्पॅनिश कशी येणार, असं म्हणू नकोस. घरात मावची, शाळेत मराठी, नवापूरच्या पलीकडे गेलं की गुजराती, एवढ्या भाषा तू रोज बोलतेस. १९२५ साली स्पेनमधल्या लोग्रोन्योत जन्मलेले फादर वालेस गुजरातेत आले, गुजराती शिकले आणि त्या भाषेतले लाडके लेखक झाले. अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या वस्त्यांमध्ये, ते लोकांच्या घरी राहिले, त्यांच्यात बोलले. तुलाही तोंड उघडावंच लागेल.

आज 'एस्तुदियार', म्हणजे अभ्यास करणं, हे क्रियापद घे आणि सहाही रूपं वहीत न बघता म्हण. अडलीस तर फोन कर, कितीही उशीर झाला तरी चालेल.