संगणकाकडून मजकूर ऐकविताना

दृष्टिहीन विद्यार्थ्यास दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून न राहता अभ्यास करता यावा, यासाठी संगणकाच्या वाचनाचा उपयोग शिक्षकबंधु-भगिनींनी अवश्य करावा. ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. तिच्यातील ‘ईस्पीक एनजी’ हा आवाज मराठीही वाचतो. आवाज यांत्रिक आहे, परंतु कान त्याला सरावतो.

खरी अडचण निराळीच आहे. संगणक अक्षराची आकृती पाहत नाही, त्याचा सांकेतिक क्रमांक वाचतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरांच्या आकृती रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेल्या असतात. असा मजकूर डोळ्यांस शुद्ध मराठी दिसतो. कानी मात्र निरर्थक ध्वनी पडतात. परीक्षेच्या दिवशी हे उघडकीस आले, तर मुलाचा वेळ जातो आणि धीरही खचतो. सबब प्रश्नपत्रिका व टिपणे युनिकोडमध्येच टंकलिखित करावीत, आणि मुलास देण्यापूर्वी शिक्षकांनी ती स्वतः डोळे मिटून ऐकावीत.

‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’चा भेद यंत्रास साधेलच असे नाही, उच्चार शिकविणे शिक्षकाकडेच राहावे. पूर्णविराम गळला असल्यास दोन वाक्ये एका दमात वाचली जातात, तेही ऐकतानाच ध्यानी येते.