सायकलीचा रस्ता आणि औषधाची मात्रा

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास दोन तरुणांनी एका गृहस्थांना मोटारसायकलवर मधे बसवून माझ्या दवाखान्यात आणले. अंग घामाने डबडबलेले, बोलणे अडखळत, हात थरथरत होते. रस्त्याच्या कडेला सायकल टाकून ते बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी काहींनी ‘सकाळीच घेतलेली दिसते’ असे म्हणून पाठ फिरवली होती. हे गृहस्थ म्हणजे माझेच जुने रुग्ण, एक निवृत्त शिक्षक. त्यांनी आयुष्यात सुपारीचे खांडही कधी तोंडात टाकलेले नाही. बोटाचे रक्त तपासले तर साखर ४६!

साखरपाणी दिल्यावर वीस मिनिटांत गुरुजी उठून बसले आणि म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच व्यायाम करा म्हणालात, म्हणून सायकल काढली.’’ ते खरे होते. मी मधुमेहाची गोळी लिहून दिली होती, व्यायामही सांगितला होता. पण गोळी आणि व्यायाम यांचा एकमेकांशी काय संबंध, हे सांगायचे राहून गेले होते. ती चूक माझी. आजचा लेख त्या चुकीची थोडीफार भरपाई म्हणून लिहीत आहे.

रस्ता निवडणे म्हणजे मात्रा ठरवणे

पैठणला गोदावरीकाठी ज्ञानेश्वर उद्यान आहे, नाशिकला गोदापार्क आहे. नदीकाठची जमीन बहुधा सपाट असते. तिथे सायकल चालवणाऱ्याला किती श्रम होतील याचा अंदाज किलोमीटरवरून बांधता येतो. आपले घाटनांदूर बालाघाटाच्या माथ्यावरचे गाव. इथे नुसत्या किलोमीटरवर विसंबून चालत नाही, चढही मोजावा लागतो.

एक साधा हिशेब पाहा. सत्तर किलोचा माणूस आणि अठरा किलोची साधी सायकल मिळून ८८ किलो झाले. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जायला या माणसाला जेवढा जोर लावावा लागतो, त्याच्या सुमारे दुप्पट जोर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर लागतो, आणि तोही वेग निम्म्यावर आणल्यावर. म्हणजे वेग कमी दिसतो, पण हृदय आणि मांड्यांचे स्नायू मात्र जास्त राबत असतात. ‘मी तर हळूच चाललो होतो’ असे छातीत दुखून आलेला रुग्ण सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याने चढ हिशेबात धरलेला नसतो, इतकेच.

म्हणून मी आता रस्ताही औषधासारखा पायरीपायरीने लिहून देतो.

पहिली पायरी : गावाजवळचा, स्टेशनच्या बाजूचा किंवा शिवारातला सपाट, कमी वर्दळीचा रस्ता. पंधरा मिनिटे जायचे, पंधरा मिनिटे परत यायचे. आठवड्यातून पाच दिवस. याचे १५० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेला मध्यम व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटेच आहे. चार ते सहा आठवडे इथेच थांबावे.

दुसरी पायरी : अंबाजोगाईच्या रस्त्याने थोडे चढ-उतार घेत पाऊण तासाची फेरी. जाताना वारा तोंडावर असेल अशी दिशा निवडावी, म्हणजे थकल्यावर परतीला तोच वारा पाठीवर येतो.

तिसरी पायरी : अंबाजोगाईपर्यंत जाणे. जयंती नदीकाठी योगेश्वरीचे दर्शन घ्यावे, हत्तीखान्याची लेणी पाहावीत, वेळ असेल तर आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे जावे. जाऊन-येऊन दिवसाचा चांगला भाग लागतो. दोन-तीन महिन्यांचा सराव, सोबत आणि पाणी असल्याशिवाय हे करू नये.

चौथी पायरी : अंबाजोगाईहून परळीच्या बाजूला उतरणारा घाट. इथे जाताना उतार सोपा वाटतो आणि परतीचा चढ दमलेल्या शरीराला चढावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय या पायरीला हात घालू नये. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आधीपासून वापरावेत. फक्त पुढचा ब्रेक एकदम दाबला तर माणूस सायकलीवरून पुढे फेकला जातो.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांत मिळून पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली. वर्तमानपत्रात अशी बातमी वाचून आपली मुले थेट घाटात जातात. पण त्या यशामागे पायरीपायरीने वाढवलेला सराव असतो, हे त्यांना सांगायला हवे.

आपली मात्रा बरोबर आहे का?

यासाठी यंत्र लागत नाही. सायकल चालवताना शेजारच्याशी दोन-तीन वाक्ये सलग बोलता आली, पण गाणे म्हणता आले नाही, तर श्रम योग्य आहेत. चार शब्दांतच धाप लागत असेल तर वेग कमी करा. चढावर उतरून सायकल हाताने ढकलण्यात कमीपणा नाही. बिनागिअरच्या सायकलीवर उभ्या चढाला जोर लावल्याने गुडघ्याच्या वाटीवर फार ताण येतो. गिअर असतील तर चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा.

गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या अनेकांची सीट खाली असते, एवढाच दोष निघतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. जांघेत मुंग्या येत असतील तर दर दहा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहावे. तरीही बधिरपणा राहिला तर सीट बदलावी.

मधुमेह असलेल्यांसाठी

आता गुरुजींचे काय झाले ते पाहू. व्यायाम करताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या शरीरात औषधही साखर उतरवत असते. गुरुजींनी गोळी घेतली, ‘आल्यावर नाश्ता करू’ म्हणून उपाशीपोटी निघाले आणि हुरूप आला म्हणून रोजच्यापेक्षा दुप्पट अंतर गेले. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढणाऱ्या होत्या. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो. म्हणून आपण कोणती गोळी घेतो, ते नावानिशी माहीत असावे.

अशा रुग्णांनी उपाशीपोटी निघू नये. निघण्यापूर्वी साखर तपासता आली तर उत्तम. ती १०० च्या खाली असेल तर आधी काही खावे. २५० च्या वर असून तहान, थकवा किंवा मळमळ असेल तर त्या दिवशी सायकल काढू नये, डॉक्टरांना भेटावे. खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी आणि ‘मला मधुमेह आहे’ अशी चिठ्ठी ठेवावी. घाम, थरथर, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड यांपैकी काहीही जाणवले की लगेच थांबावे. तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी आणि मग काही खावे. लांबच्या फेरीनंतर साखर रात्री उशिराही उतरू शकते, हे घरच्यांनाही ठाऊक असावे. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका किंवा अर्धी करू नका. मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

ऊस, ऊन आणि अंधार

गाळपाच्या हंगामात पहाटे आणि संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, कधी लाल कापडही नसते. म्हणून नीट उजाडल्यावरच निघा आणि दिवेलागणीच्या आत घरी या. सायकलीच्या मागे लाल परावर्तक, अंगावर फिकट कपडे आणि डोक्याला हेल्मेट हवे. मार्च ते जूनमध्ये नऊच्या आत परत यावे. लांब जायचे असेल तर जलसंजीवनीची पुडी न्यावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घ्यावे.

छातीच्या मधोमध दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, विनाकारण धाप यांना ‘गॅस’ म्हणू नका. तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा. पुन्हा पायडल मारत घरी येऊ नका.

शेवटी रस्त्याने जाणाऱ्या सर्वांना एक विनंती. कडेला बसलेला, अडखळत बोलणारा माणूस दारू प्यालेलाच असतो असे नाही. जवळ जाऊन विचारा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला कळवा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याच्या कटकटीत ओढता येत नाही, अशी तरतूद २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झाली आहे. तेव्हा भीती बाळगू नका.

गुरुजी आजही सायकल चालवतात. आधी दोन पोळ्या खातात, खिशात साखरेची पुडी ठेवतात आणि दुसऱ्या पायरीपर्यंत आले आहेत. त्या दिवशी त्यांना घेऊन आलेल्या दोन तरुणांची नावे मी विचारायला विसरलो. हा लेख त्यांच्या वाचनात आला, तर त्यांनी एकदा दवाखान्यात जरूर यावे. चहा माझ्याकडे आहे.