खेळण्यातून विज्ञान : प्राथमिक वर्गासाठी काही सोपे प्रयोग

प्राथमिक शाळेतील बहुतेक मुले विज्ञान पाठ करून शिकतात. 'हवा जागा व्यापते', 'ध्वनी कंपनामुळे निर्माण होतो' अशी वाक्ये परीक्षेत बिनचूक लिहिणारा विद्यार्थी हुशार समजला जातो. परंतु त्याच विद्यार्थ्याला 'कशाचे कंपन होते ते बोट ठेवून दाखव' असे म्हटले, तर तो गोंधळून जातो. यात दोष मुलाचा नाही. ती वस्तू त्याने कधी हातात धरलेलीच नसते.

यावर नेहमी ऐकू येणारे उत्तर म्हणजे 'आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही.' मोठ्या शाळेत काचेची कपाटे असतात, आपल्या शाळेत फळा आणि खडू, मग प्रयोग कसे करणार? हे म्हणणे प्राथमिक वर्गांच्या बाबतीत खरे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या राज्यात तिसरी ते पाचवीला जो परिसर अभ्यास शिकवला जातो, त्याला परिसर पुरतो. काड्यापेटी, सुतळी, दगड, मेणबत्ती, सायकलवाल्याकडचे रबराचे तुकडे, एवढ्या साहित्यावर वर्षभराचे काम होऊ शकते.

हे करून दाखवणारे लोक आपल्या देशात होऊन गेले आहेत व आजही आहेत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली १६ शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ नंतर 'एकलव्य' या संस्थेने तो सांभाळला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. पण खेड्यातील साध्या शाळेत मुले स्वतः प्रयोग करून शिकू शकतात, हे त्या तीस वर्षांत सिद्ध झाले. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अभियंते श्री. अरविंद गुप्ता १९७८ साली पुण्यातील टेल्कोच्या नोकरीतून रजा घेऊन याच कामासाठी होशंगाबादला गेले. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी आणि खेळण्यांतून विज्ञान हा त्यांचा मार्ग तिथे तयार झाला. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील बाल विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. खेळणी कशी करावीत हे सांगणारी त्यांची पुस्तके व चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत मोफत पाहायला मिळतात.

तीन नियम

खेळणे तयार झाले म्हणजे विज्ञान झाले, असे मात्र नाही. पुष्कळ ठिकाणी शिक्षक टेबलावर प्रयोग करून दाखवतात, मुले टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. तो जादूचा प्रयोग झाला. आम्ही काही शिक्षक रविवारी मुलांना एकत्र बसवतो, तेव्हा तीन नियम पाळतो.

पहिला नियम : करण्यापूर्वी अंदाज सांगायचा. प्रत्येक मुलाने सांगायचा आणि कोणाच्याही अंदाजाला हसायचे नाही.

दुसरा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

तिसरा नियम : जे दिसले तेच वहीत लिहायचे. पुस्तकात काय आहे किंवा गुरुजींना काय आवडेल, ते लिहायचे नाही.

पुढील चार प्रयोग या नियमांनी करून पाहावेत.

१. त्रिकोण आणि चौकोन

साहित्य : काड्यापेटीच्या काड्या (गूल खरवडून काढलेल्या), सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी.

कृती : नळीचे बोटाच्या पेराहून लहान असे सारखे तुकडे करा. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी घातली की सांधा तयार होतो. तीन काड्या व तीन सांध्यांचा त्रिकोण करा. चार काड्या व चार सांध्यांचा चौकोन करा. आता दोन्ही आकार बोटांनी हळूच दाबा.

चौकोन लगेच तिरपा होतो, त्रिकोणाचा आकार मात्र कायम राहतो. चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक लांब काडी बसवली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो. मग मुलांना बाहेर न्यावे आणि त्रिकोण शोधायला सांगावे. पत्र्याच्या छपराखालची कैची, विजेचा मनोरा, सायकलची चौकट, रेल्वेचा पूल, असे त्रिकोण सगळीकडे सापडतात. ते तिथे का आहेत, हे मग सांगावे लागत नाही.

२. कागदी नळीची पिपाणी

साहित्य : शीतपेयाची कागदी नळी, कात्री.

कृती : नळीचे एक टोक दातांनी किंवा बोटांनी दाबून चपटे करा. त्याच्या दोन्ही कडा तिरप्या कापून टोकदार जीभ करा. हे टोक ओठांच्या थोडे आत घेऊन जोरात फुंका. आवाज आला नाही, तर टोक पुन्हा दाबून पाहा. प्रत्येकाने आपली स्वतंत्र नळी वापरावी.

आंब्याच्या कोयीची पिपाणी वाजवलेल्या मुलांना हे लगेच जमते. वाजत असताना ओठांना थरथर जाणवते. 'कंपन' या शब्दाचा अर्थ इथे ओठांना कळतो. आता शिक्षकांनी विचारावे : नळी कापून लहान केली, तर आवाज कसा होईल? पुष्कळ मुले म्हणतात, 'लहान होईल.' मग एकाने फुंकत राहावे व दुसऱ्याने दूरचे टोक थोडे थोडे कापत जावे. आवाज लहान न होता बारीक होत जातो, म्हणजे सूर चढतो. 'लहान आवाज' आणि 'बारीक आवाज' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे व्याख्येशिवाय समजते. बासरीवरचे खालून एकेक बोट उचलले की सूर का चढतो, हेही मग मुले सांगू लागतात.

३. दोरीला बांधलेला दगड

साहित्य : सुतळी, एक लहान व एक मोठा दगड, सेकंद दाखवणारे घड्याळ किंवा मोबाईल.

कृती : खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर राहील अशी सुतळी टांगा. दगड थोडासा बाजूला नेऊन सोडा. जाऊन परत आला की एक फेरी. दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजा.

साधारण वीस सेकंद लागतात. आता अंदाज विचारावा : जड दगड बांधला तर? बहुतेक मुले आणि पुष्कळ पालकसुद्धा 'जड दगड भराभर जाईल' असे सांगतात. मध्यापर्यंतचे अंतर तेच ठेवून जड दगड बांधावा. वेळ तेवढाच लागतो. मग दगड तोच ठेवून अंतर पंचवीस सेंटिमीटर करावे. दहा फेऱ्या सुमारे दहा सेकंदांत होतात. म्हणजे वेळ ठरतो तो दोरीच्या लांबीवर, दगडाच्या वजनावर नव्हे. झाडाच्या उंच फांदीला बांधलेला झोका संथ का जातो, याचे उत्तर मुले आपणहून देतात.

४. मेणबत्ती आणि उपडा पेला

साहित्य : खोल ताटली, पाणी, सारख्या उंचीच्या तीन लहान मेणबत्त्या, काचेचा मोठा पेला. हा प्रयोग मोठ्या माणसासमोरच करावा.

कृती : ताटलीत मेणबत्ती उभी चिकटवून भोवती पाणी घाला. ती पेटवून वर पेला उपडा ठेवा. थोड्या वेळात ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते.

हा प्रयोग अनेक पुस्तकांत आढळतो आणि पुष्कळदा त्याचे उत्तर असे दिलेले असते : हवेत सुमारे एक पंचमांश प्राणवायू असतो, तो जळून संपला, म्हणून तेवढी जागा पाण्याने घेतली. वाक्य पटण्यासारखे आहे. पण आपला दुसरा नियम इथे लावून पाहावा. पेला तोच, पाणी तेवढेच, फक्त मेणबत्त्या दोन, नंतर तीन. प्राणवायू संपणे हेच कारण असेल, तर पाणी दर वेळी तितकेच चढायला हवे, कारण पेल्यातील हवा तेवढीच आहे. प्रत्यक्षात मेणबत्त्या वाढल्या की पाणी अधिक चढते. शिवाय नीट पाहिल्यास दिसते की पेला ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात आणि पाणी मुख्यतः ज्योत विझू लागल्यावर चढते.

खरे कारण असे : ज्योतीने हवा तापते, पसरते व काही हवा बाहेर जाते. ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. सगळा प्राणवायू संपण्याच्या आधीच ज्योत विझते आणि खर्च झालेल्या प्राणवायूच्या जागी कर्बवायू तयार होतो.

आमच्याकडे हे कारण सर्वांआधी एका चौथीतल्या मुलीने ओळखले. घरचा स्वयंपाक तीच पाहते. ती म्हणाली, 'गरम पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पातेलं गार झालं, की झाकण चिकटून बसतं. तसंच झालं असेल.' ही मुलगी वर्गात फारशी बोलत नसे.

हाताचे ज्ञान

या गोष्टीचा आपण गंभीरपणे विचार केला पाहिजे. सायकलच्या दुकानात वडिलांना मदत करणारा मुलगा रबराचे सारखे तुकडे सर्वांत आधी कापतो. गवंड्याच्या मुलाला ओळंब्याची दोरी ठाऊक असते. स्वयंपाक करणाऱ्या मुलीला वाफ, झाकण, उकळी यांची पुस्तकापेक्षा अधिक माहिती असते. परंतु हाताचे काम हलके आणि पाठांतर श्रेष्ठ, या जुन्या समजुतीमुळे हे ज्ञान शाळेच्या दाराबाहेर राहते आणि 'आपल्याला काही येत नाही' असे ही मुले लहानपणीच ठरवून टाकतात. पुढे आठवी-नववीत विज्ञान अवघड वाटून शाळा सोडणाऱ्यांत आपलीच मुले असतात. प्रयोगाच्या तासात मात्र आईवडिलांच्या कामातून मिळालेले ज्ञान मोजले जाते. तिथे खरे-खोटे वस्तू ठरवते. मोठ्या घरच्या मुलासाठी दगड भराभर जात नाही आणि गरिबाच्या मुलासाठी सावकाश जात नाही.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व जिज्ञासा यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. हे कर्तव्य भाषणाने पार पडत नाही. 'हे असे का? बदलून पाहू या' असे म्हणण्याची सवय नऊ-दहा वर्षांच्या वयात लागली, तर पुढे कोणी अंगारा, ताईत किंवा अफवा पुढे केली तरी तो मुलगा, ती मुलगी पुरावा विचारेल.

म्हणून आमची शिक्षकांना, पालकांना व तरुण कार्यकर्त्यांना विनंती आहे. प्रत्येक वस्तीत एक जुनी पत्र्याची पेटी ठेवावी. तीत सुतळी, काड्या, रबरी नळी, कात्री, मेणबत्त्या, काचेचा पेला आणि मोजपट्टी असावी. घरातील विजेच्या तारेशी मुलांना खेळू देऊ नये, सूर्याकडे भिंगातून किंवा उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये आणि आगीजवळ मोठे माणूस असावे. आठवड्यातून एक तास पुरे आहे. शिकवणाऱ्याला सगळी उत्तरे आली पाहिजेत असेही नाही. 'मलाही माहीत नाही, करून पाहू' हे वाक्य मुलांसमोर मोकळेपणाने म्हणता आले, तरी कामाला सुरुवात झाली असे समजावे.