निळे रोप: खरे की रंगवलेले?

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कुंडीत कोरफड असेलच. उर्दूत तुम्ही तिला घीकुंवार म्हणता. तिचे पान मोडले, की आत पाण्यासारखा चिकट गर दिसतो. मिळालेले पाणी ही वनस्पती पानात साठवून ठेवते. घायपात आणि पानफुटीही तसेच करतात. निवडुंग मात्र पाणी खोडात साठवतो. अशा वनस्पतींना मांसल वनस्पती म्हणतात. नावात मांस असले, तरी मांसाशी त्यांचा काही संबंध नाही!

काटे दिसले, की आपण सरसकट निवडुंग म्हणून मोकळे होतो. पण फड्या निवडुंग आणि वई निवडुंग एका कुळातले नाहीत. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. त्याचे काटे बारीक, लवदार ठिपक्यांतून निघतात. वई निवडुंगाचे काटे जोडीजोडीने असतात आणि फांदी मोडली, तर पांढरा चीक गळतो. शेराच्या कांडीतूनही असाच चीक येतो. शेराला काटे नसतात, म्हणून मुले ती कांडी खेळता खेळता मोडतात. हा चीक विषारी आहे. डोळ्यात गेला, तर भयंकर आग होते आणि दृष्टीलाही धोका पोहोचतो. म्हणून ओळख पटवायची ती नीट पाहून, फांदी मोडून नव्हे. चुकून चीक डोळ्यात गेलाच, तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा व लगेच डॉक्टरांकडे जा.

आता निळ्या रंगाकडे वळू. रोपवाटिकेत कधीकधी गडद निळी, चकचकीत रोपे विकायला असतात. त्यांच्यावर बहुधा रंग फवारलेला असतो. त्यामुळे पानांना पुरेसा प्रकाश मिळत नाही व रोप खंगते. नवे पान हिरवे फुटले, की समजा, रंग वरचा आहे.

मग खरी निळी रोपे नसतातच का? असतात, पण त्यांचा निळेपणा राखेसारखा फिका असतो. मेक्सिकोतील निळा घायपात तसाच आहे. जलिस्को प्रांतात त्याची शेते दूरवर पसरली आहेत. २००६ साली त्या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान मिळाला. ब्राझीलमध्ये निळ्या खोडाचा उंच निवडुंगही आढळतो.

गंमत अशी, की या पानांच्या आत निळा रंग नसतोच! पानावर मेणाचा अगदी पातळ थर असतो, काळ्या द्राक्षावर असतो तसा. तो पानातील पाणी उडू देत नाही व कडक ऊन परतवतो. त्याच्यामुळेच हिरवे पान निळसर दिसते. बोट फिरवले, तर तेथे हिरवी रेघ उमटते. द्राक्षावर बोट फिरवून तुम्ही असा थर घरीच पाहू शकता. रोपावर मात्र हा प्रयोग करू नका, कारण जुन्या पानावर पुसलेला थर सहसा पुन्हा येत नाही.